एकाच ठशाची तिकिटे

वेंगुर्ल्याहून किनाऱ्याने दक्षिणेकडे निघाले की शिरोडे लागते, मग रेडी, आणि त्यापुढे तेरेखोलची खाडी. खाडीच्या तोंडाशी जो किल्ला उभा आहे त्यावर १९६१ पर्यंत पोर्तुगालचे निशाण होते. या मुलखातल्या लोकांची सोयरीक खाडीच्या दोन्ही तीरांवर होती. लेक दिली पेडण्याला आणि सून आणली शिरोड्याहून, असा परिपाठ होता. भाषा एक, देव एक, मासळीचा बाजारही एक. तरीही पेडण्याहून वेंगुर्ल्यास आलेले पत्र हे परराज्यातून आलेले पत्र असे. आईने लेकीची खुशाली विचारायची, तर पाकिटावर लिस्बनच्या राजाचे अथवा गव्हर्नराचे चित्र चिकटवायचे! सरहद्द म्हणजे काय हे इथल्या माणसाला नकाशाने शिकवले नाही; ते पोस्टाच्या तिकिटाने शिकवले.

असली पाकिटे वेंगुर्ले, शिरोडे, सावंतवाडी भागातील जुन्या घरांच्या पेट्यांतून अद्याप सापडतात. त्यांतच कधी मोझांबिकचे, कधी नैरोबीचे, कधी दारेसलामचे पाकीट निघते. कारण गोव्यातील आणि लगतच्या मुलखातील कितीतरी माणसे कारकुनीसाठी, स्वयंपाकी म्हणून, बोटीवरचे खलाशी म्हणून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत गेली होती. पेटी साफ करताना नातवंडे ही पाकिटे बाहेर काढतात, तिकिटे कापून घेतात आणि पाकीट टाकून देतात. छंद म्हणून हे निरुपद्रवी वाटेल. आमच्या मते मात्र यात एक मोठा पुरावा आपण आपल्या हातांनी नष्ट करीत आहोत. तो पुरावा कशाचा, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

पोस्टाचे तिकीट ही राज्यसत्तेची सर्वांत लहान सनद आहे. गावोगाव फौज ठेवणे कोणत्याच राज्याला परवडत नाही. पण दोन पैशांचे तिकीट प्रत्येक घरात शिरते. हा मुलूख कोणाचा, इथे नाणे कोणाचे चालते, आदराने कोणाचे मुख पाहायचे, हे सारे तो इंचभर कागद सांगून जातो. आणि सत्ता तिकिटावर जे छापते ते अभिमानाने छापते. म्हणूनच पुढे ती अडचणीत आली की तोच कागद तिच्याविरुद्ध साक्षीला उभा करता येतो.

गोव्याचेच पाहा. ‘पोर्तुगीज इंडिया’ची पहिली तिकिटे १८७१ साली निघाली. मध्यभागी मूल्याचा आकडा, छपाई अगदी साधी. ती गोव्याच्या हद्दीतच चालत; बाहेर पत्र धाडायचे तर १८७७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचे तिकीट लावावे लागे. साम्राज्याचा दिमाख मोठा, पण पत्र सरहद्दीपलीकडे नेण्याची ताकद शेजारच्या दुसऱ्या साम्राज्याकडून उसनी घेतलेली. मूल्य आधी रेइसमध्ये होते, पुढे १६ टांग्यांची एक रुपिया झाली. आपल्या सोळा आण्यांच्या रुपयाचीच ही सावली होती. १९५९ साली ती सावलीही पुसण्यात आली आणि एका रुपियाचे सहा एस्कुदो ठरले. गोव्याचा पैसा तोवर मुंबईच्या पैशाशी नाते सांगत होता. ते नाते तोडून तो लिस्बनच्या नाण्याशी बांधण्याचा हा उद्योग कशासाठी होता, हे त्या काळच्या माणसाला समजावून सांगावे लागले नाही.

परंतु गोव्याची तिकिटे एकटी पाहून उपयोग नाही. ती मोझांबिक, अंगोला, गिनी, केप व्हर्द यांच्या तिकिटांशेजारी ठेवून पाहावीत. मग एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. ती सारी एकाच ठशाची आहेत! वास्को द गामाच्या सफरीला चारशे वर्षे झाली म्हणून १८९८ मध्ये पोर्तुगालने वसाहतींसाठी तिकिटे काढली. चित्रे सगळीकडे तीच. गोव्यासाठी वर ‘इंडिया’ छापले. आफ्रिकेतल्या मुलखांसाठी तर निरनिराळी नावे छापण्याचेही कष्ट घेतले नाहीत. अंगोला, मोझांबिक, गिनी या सगळ्यांना मिळून एकच शब्द पुरला, ‘आफ्रिका’. हजारो मैलांच्या अंतरावर, वेगळ्या भाषा बोलणारे, वेगळे इतिहास असलेले लोक; राज्यकर्त्याच्या लेखी ते एकाच खतावणीतले होते.

१९१० साली पोर्तुगालमध्ये राजा गेला आणि प्रजासत्ताक आले. वसाहतींना त्यातून काय मिळाले? राजाच्या चेहऱ्यावर ‘रेपुब्लिका’ हा शब्द छापलेली जुनीच तिकिटे मिळाली. लिस्बनच्या नागरिकाला जे स्वातंत्र्य मिळाले त्याची फक्त शाई मडगावला आणि लोरेन्सु मार्किशला पोहोचली. राज्यपद्धती बदलली म्हणजे साम्राज्य संपले असे होत नाही, याचा इतका नेटका दाखला क्वचितच सापडेल.

पुढे सालाझारचा अंमल आला. १९३८ साली सर्व वसाहतींसाठी पुन्हा एकाच नमुन्याची तिकिटे निघाली. वास्को द गामा, अफोन्सो द अल्बुकर्क, राजपुत्र हेन्री. आणि वर स्पष्ट अक्षरांत ‘पोर्तुगीज वसाहती साम्राज्य’ अशा अर्थाचे शब्द. हे तिकीट नीट लक्षात ठेवण्याजोगे आहे. कारण १९५१ मध्ये, जगभर वसाहतवादाची नाचक्की होऊ लागताच, याच सालाझारने राज्यघटनेतून ‘वसाहत’ हा शब्द काढून टाकला आणि गोवा, अंगोला, मोझांबिक हे ‘सागरपार प्रांत’ असल्याचे घोषित केले. संयुक्त राष्ट्रांत पोर्तुगाल सांगू लागला की, आमच्याकडे वसाहतीच नाहीत, मग अहवाल कशाचा द्यायचा? १५ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने हा कांगावा फेटाळला. गोव्यासह पोर्तुगालच्या ताब्यातील मुलखांची यादीच ठरावात नमूद करून हे सारे स्वयंशासन नसलेले प्रदेश आहेत, असा निर्वाळा दिला. आमसभेला त्यासाठी पुष्कळ वादविवाद करावा लागला. वेंगुर्ल्याच्या पेटीतील १९३८ चे एक तिकीट दाखवले असते तरी काम भागले असते.

आफ्रिकेच्या तिकिटांवर आणखी एक नाव दिसते, आणि समाजवादी वाचकाने तिथे अधिक काळ थांबावे असे आम्हांस वाटते. ते नाव देशाचे नाही, कंपनीचे आहे. मोझांबिकचा मधला पट्टा ‘मोझांबिक कंपनी’ नावाच्या सनदी कंपनीच्या ताब्यात होता. तिने १८९२ पासून स्वतःची तिकिटे चालवली. उत्तरेला ‘न्यासा कंपनी’. तिच्या १९०१ च्या तिकिटांवर जिराफ आणि उंट आहेत, आणि ती लंडनमध्ये छापलेली आहेत. पूर्व आफ्रिकेत ब्रिटिश कंपनी होती. तिच्या १८९० च्या तिकिटांवर सूर्य उगवतो आहे आणि ‘प्रकाश व स्वातंत्र्य’ हे ब्रीद झळकते आहे! ऱ्होडेशियाचा मुलूख सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीचा. भागधारक लंडनला अथवा लिस्बनला, नफा तिकडे. आणि कर, सक्तीची मजुरी व फटके इकडे. जिराफाच्या चित्रात ते दिसत नाही.

कंपनी राज्य कसे करते, हे वेंगुर्ल्याने दूरच्या इतिहासात वाचलेले नाही. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीने उभारलेल्या वखारीच्या भिंती गावात आहेत. डचांना हे बंदर हवे होते ते व्यापारासाठी, आणि गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करण्यासाठीही. दोन परकीय सत्तांच्या स्पर्धेत गाव कोणाचे, हा प्रश्न गावाला कोणी विचारला नव्हता. आफ्रिकेलाही कोणी विचारला नाही.

इथे स्वतःकडेही पाहिले पाहिजे. १८९५ साली पूर्व आफ्रिकेत ब्रिटिश कंपनीचा डाव फसला आणि सरकारने कारभार हाती घेतला. तेव्हा घाईत तिकिटे कुठून आणली? हिंदुस्थानातून. व्हिक्टोरिया राणीचे मुख असलेल्या आपल्याच आण्यांच्या तिकिटांवर ‘ब्रिटिश ईस्ट आफ्रिका’ ही अक्षरे छापली. झांझिबारलाही हाच प्रकार झाला. त्याच वर्षी युगांडात एका मिशनऱ्याने टंकयंत्रावर तिकिटे तयार केली. त्यांची किंमत कवड्यांत होती. पण कवडी लवकरच मागे पडली आणि रुपया आला. १९२० पर्यंत त्या मुलखात रुपयाच चालला. तिकिटांपाठोपाठ माणसे गेली. युगांडा रेल्वेसाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले गेले. त्यांतले सुमारे अडीच हजार परत आले नाहीत, तिथेच मेले. पुढे गेलेल्या आपल्या दुकानदारांना आणि कारकुनांना गोऱ्यांच्या खाली पण आफ्रिकी माणसाच्या वर अशी मधली पायरी देण्यात आली, आणि आपल्यांतल्या अनेकांनी ती निमूटपणे स्वीकारली. हिंदी माणूस साम्राज्याचा बळी होता, हे खरे. तो काही वेळा साम्राज्याचे हत्यारही होता, हेही तितकेच खरे. अर्धे सत्य सांगून मैत्री टिकत नाही.

आता दुसरी बाजू. जुन्या तिकिटावर नवी अक्षरे छापण्याची ही जी रीत साम्राज्यांनी पाडली, ती पुढे लोकांनी त्यांच्यावरच उलटवली. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगरहवेली स्वयंसेवकांनी मुक्त केली. तिथल्या स्वतंत्र कारभाराने पोस्टातील पोर्तुगीज तिकिटांवरच ‘मुक्त प्रदेश’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द छापले आणि ती चालवली. मुलूख दोन तालुक्यांएवढाही नाही, पण लिस्बनच्या चित्रावर पडलेली ती काळी अक्षरे मोठ्या घोषणेपेक्षा बोलकी आहेत. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. २९ डिसेंबरपासून भारताची तिकिटे विकली जाऊ लागली आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जुनी बाद झाली. मधल्या थोड्या दिवसांतील काही पाकिटांवर दोन्ही देशांची तिकिटे शेजारी शेजारी आहेत. चारशे एक्कावन्न वर्षांची राजवट सरून नवी सुरू झाली, तो आठवडा त्या पाकिटांवर गोठलेला आहे. आणि २५ जून १९७५ ला मोझांबिक स्वतंत्र झाला तेव्हा तिथेही पोर्तुगीज तिकिटांवर स्वातंत्र्याची तारीख छापूनच पहिले टपाल निघाले.

ही नुसती साम्ये नव्हेत. १९६१ च्या ऑक्टोबरात दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींविषयी परिसंवाद झाला. तेव्हा आफ्रिकेतून आलेल्या नेत्यांनी भारताला रोखठोक विचारले की, तुम्ही गोव्याबाबत कशाची वाट पाहत आहात? अंगोलात त्याच वर्षी उठाव झाला होता आणि माणसे मरत होती. गोवा मोकळा झाला याचा आनंद आफ्रिकेने केला; आणि त्याची किंमत मोजली ती मोझांबिकमधल्या भारतीयांनी. सालाझारच्या सरकारने त्यांना छावण्यांत डांबले, त्यांची मालमत्ता गोठवली आणि पुढे देशाबाहेर काढले. अखेर १९७४ च्या एप्रिलमध्ये लिस्बनची हुकूमशाही कोसळली ती आफ्रिकेतील युद्धांच्या ओझ्याखाली. आणि त्यानंतरच, १९७४ च्या डिसेंबर अखेरीस, पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. पणजीचा दाखला असा मोझांबिक आणि गिनीच्या लढवय्यांच्या हातून आलेला आहे. तिकिटांचा ठसा एक होता, तशी मुक्तीही एकमेकींत गुंतलेली होती.

स्वतंत्र आफ्रिकेच्या तिकिटांकडे मात्र भाबडेपणाने पाहू नये. ६ मार्च १९५७ ला गोल्ड कोस्टचा घाना झाला. राणीच्या जागी क्वामे एन्क्रुमांचे मुख आले तेव्हा लंडनमध्ये कुजबुज झाली. एन्क्रुमांचे उत्तर साधे होते. माझ्या देशातील पुष्कळ लोकांना लिहितावाचता येत नाही; देश स्वतंत्र झाला हे त्यांना डोळ्यांनी दिसले पाहिजे. युक्तिवाद खरा होता. पण व्यक्तीचे मुख हेच राष्ट्राचे मुख मानण्यातला धोकाही खरा होता. १९६६ च्या फेब्रुवारीत लष्कराने त्यांना पदच्युत केले, आणि लगेच त्या उठावाच्या गौरवाची तिकिटे निघाली.

तिकीट खोटेही बोलते. १९६० मध्ये बेल्जियन काँगोच्या तिकिटांवर ‘कटांगा’ हे नाव छापले गेले. त्या ‘राष्ट्रा’मागे तांब्याच्या खाणींची बेल्जियन कंपनी होती. ११ नोव्हेंबर १९६५ ला ऱ्होडेशियाच्या गोऱ्या अल्पसंख्याकांनी ‘स्वातंत्र्य’ पुकारले आणि तो शब्द तिकिटांवर छापला. नव्वद टक्क्यांहून अधिक लोकसंख्या ज्यात नाही असे ते स्वातंत्र्य. १९७६ पासून दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने ट्रान्सकाय, बोफुथात्स्वाना, वेंडा, सिस्काय या ‘स्वतंत्र’ देशांची सुरेख रंगीत तिकिटे काढवली. फुले होती, पक्षी होते. जगातील एकही अन्य देश त्यांना देश मानीत नव्हता. १९९४ मध्ये ती राज्ये गेली. तिकिटे संग्रहांत उरली.

आणि आजची स्थिती? आफ्रिकेतील कित्येक गरीब देशांनी तिकिटे काढण्याचे हक्क युरोप-अमेरिकेतील खाजगी संस्थांना दिले आहेत. त्या संस्था वर्षाला शेकडो तिकिटे छापतात. विषय असतात पाश्चात्त्य नट, मोटारी, बुद्धिबळपटू, मांजरे. ज्या देशाचे नाव त्यांवर आहे तिथल्या पोस्टात ती क्वचितच दिसतात. गिऱ्हाईक परदेशातील संग्राहक. देशाचे नाव भाड्याने देऊन चार पैसे मिळवण्याची ही पाळी ज्यांच्यावर आली त्यांना हसू नये. कंपनीचे नाव तिकिटावरून गेले, पण कंपनी गेली नाही, एवढेच त्यातून शिकावे. ध्वज बदलणे हे स्वातंत्र्याचे पहिले पाऊल आहे. छापखाना, खाण आणि बंदर कोणाच्या हाती, हा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

या सगळ्या तिकिटांत एक तिकीट आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. ते २००८ साली केनियाने आपल्या वीरपुरुषांच्या मालिकेत काढले. त्यावरचा चेहरा पियो गामा पिंटो यांचा. जन्म नैरोबीचा, १९२७ चा, घराणे गोव्याचे. शिक्षणासाठी लहानपणीच इकडे आले. बार्देशात आरपोऱ्याच्या शाळेतून मॅट्रिक झाले, नंतर धारवाडच्या महाविद्यालयात शिकले. मुंबईच्या पोस्ट व तार खात्यात नोकरीला लागले आणि तिथल्या संपात उतरले. गोव्याच्या मुक्तीसाठी काम करू लागले, तेव्हा पोर्तुगीज अटकेची पाळी आली म्हणून केनियात परतले. तिथे ब्रिटिशांनी त्यांना १९५४ ते १९५९ स्थानबद्ध केले. सुटल्यावर त्यांनी स्वतंत्र केनियात जमीन आणि संपत्तीच्या न्याय्य वाटणीचा समाजवादी आग्रह धरला. आणि २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत, राहत्या घराच्या फाटकाशी, त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. हिंदी माणसाला मिळालेली ती मधली पायरी नाकारून जो खाली उतरला आणि आफ्रिकी माणसाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला, तो हा माणूस. ज्या हातांनी मुंबईत टपालखात्याची नोकरी केली त्या हातांच्या धन्याचेच चित्र सहा दशकांनी टपालाच्या तिकिटावर आले. आपल्याकडील किती शाळकरी मुलांना हे नाव ठाऊक आहे?

न ठाऊक असण्याचे परिणाम समोर आहेत. २०१३ च्या अखेरीस गोव्यात एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्यावरून रस्त्यावर संतापाचा उद्रेक झाला, आणि त्या वेळी राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कर्करोगाची उपमा दिली. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांना जमावाने बडवले. गुन्हेगाराला शासन व्हावे, तो कोणत्याही वर्णाचा असो. पण अख्ख्या खंडाला कातडीवरून जोखण्याची ही दृष्टी आपण कोणाकडून घेतली? १८९८ मध्ये ज्यांनी साऱ्या मुलखांना मिळून ‘आफ्रिका’ हा एकच शब्द पुरेसा मानला, त्यांचीच ती दृष्टी. डॉ. राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ ला मडगावात सालाझारशाहीला आव्हान दिले. त्याच लोहियांनी मे १९६४ मध्ये अमेरिकेतील जॅक्सन शहरी, गोऱ्यांपुरत्या राखलेल्या उपाहारगृहात पाऊल टाकून अटक पत्करली. त्यांच्या लेखी ही दोन कामे नव्हती, एकच होते. ज्या वेंगुर्ल्यात बॅ. नाथ पै जन्मले आणि जिथून ते आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचले, त्या गावाला हे वेगळे सांगावे लागू नये.

म्हणून कार्यकर्त्यांना आमची एक लहानशी सूचना आहे. तेरेखोलच्या १९५४ आणि १९५५ च्या सत्याग्रहांच्या आठवणी सांगणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. त्यांच्या आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या घरी जा. पेट्या उघडायला सांगा. पाकिटावरचे तिकीट कापू नका, कापू देऊ नका. कारण तिकिटावर फक्त राज्यकर्ता बोलतो. त्याच्या शेजारचा शिक्का सांगतो की पत्र कधी निघाले आणि कुठल्या वाटेने आले. हस्ताक्षर सांगते की कोणी कोणाला लिहिले. लोकांचा इतिहास या उरलेल्या पाकिटावर आहे. घरच्या मंडळींच्या संमतीने त्याची छायाचित्रे घ्या, पत्रामागची हकीकत लिहून काढा, आणि ती वही गावाच्या वाचनालयात ठेवा. मूळ पाकीट ज्याचे त्याच्या घरी राहू द्या. पैसा लागत नाही, एखादा रविवार लागतो.

पुढच्या १९ डिसेंबरला वेंगुर्ल्याच्या एखाद्या शाळेत गोव्याचे एक पाकीट आणि मोझांबिकचे एक पाकीट मुलांसमोर शेजारी शेजारी मांडावे. फार बोलू नये. चित्र तेच, ठसा तोच, नाव तेवढे निराळे, हे मुले आपणहून ओळखतील. मग कोणीतरी विचारील की, म्हणजे ती माणसे आणि आपण एकाच दावणीला होतो का? तिथून धडा सुरू करावा.